तुम्ही विचारलंत म्हणून: दोन्ही शाळा एकच का करून टाकत नाही?

हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारतात, बँकेत विचारतात, प्रशिक्षणाला गेलं की चहाच्या रांगेत विचारतात. "मॅडम, सकाळी तुमची मराठी शाळा, दुपारी त्याच खोल्यांत त्यांची उर्दू शाळा. जागा पुरत नाही म्हणून दोघंही रडता. मग एकच करून टाका ना!" विचारणारा चांगल्या मनानंच विचारतो. मी बहुतेक वेळा हसून वेळ मारून नेते. उत्तर लांबलचक आहे आणि त्यात 'संचमान्यता' येते, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर याचा सरकारी हिशेब, जी ऐकली की शिक्षक नसलेला माणूस घड्याळ बघायला लागतो. आज बसून लिहितेच.

आधी इमारत. सावदा-फैजपूर पट्ट्यातलं आमचं केळीचं गाव. पण इमारत कापसाच्या काळातली, एका व्यापाऱ्यानं बांधलेली धर्मशाळा. दगडी चौथरा, चुन्यातली वीट, सागवानी तुळया, वर कौलं. मागच्या अंगाला पुढे कधीतरी काढलेल्या खोल्या स्लॅबच्या आहेत आणि त्या कौलांपेक्षा जास्त गळतात. मालकी एका जुन्या ट्रस्टची; दोन्ही शाळा भाडेकरू. जिना हलतो म्हणून वरचा मजला कायमचा बंद. खाली ११ खोल्या. त्यातली एक प्रयोगशाळा, एक ऑफिस. ऑफिसच्या मधोमध दोन लोखंडी कपाटं पाठीला पाठ लावून उभी केली आहेत. अलीकडे मी बसते, पलीकडे आपा, म्हणजे उर्दू शाळेच्या मुख्याध्यापिका. आमचा क्लार्क फोनवर काय बोलतो ते आपांना ऐकू जातं, त्यांचा काय बोलतो ते मला. त्यामुळे दोन्ही शाळांत गुपित असं काही राहिलेलं नाही.

उरल्या ९ खोल्या. आमचे पाचवी ते सातवी एकेक वर्ग, आठवी ते दहावी दोन-दोन तुकड्या, म्हणजे ९. आम्ही सकाळी सात ते बारा. त्यांच्या पाचवी ते दहावी सहा तुकड्या, साडेबारा ते साडेपाच. आता करा एकत्र. ९ आणि ६ मिळून १५ वर्ग, खोल्या तेवढ्याच. एकत्र केल्यानं भिंती ताणल्या जात नाहीत. दोन पाळ्यांत आम्ही मावतो, ते दोन शाळा आहोत म्हणूनच.

मग वाचतं काय? वाचतात ती पदं. शाळा एक झाली की मुख्याध्यापक एक, आणि क्लार्क-शिपायांच्या जागांनाही कात्री. सरकार पगार देतं, इमारत संस्थेनं बघायची, अशी अनुदानित शाळांची रीत. तेव्हा बचत झाली तर पगारात होणार, आणि ती काही आमच्या गळक्या स्लॅबवर खर्च होणार नाही. शिवाय माध्यमं दोन. मराठी माध्यमाच्या तुकडीला मी भूमिती शिकवते म्हणून उर्दू माध्यमाच्या तुकडीची शिक्षिका कमी करता येत नाही. संस्था वेगळ्या, सरकारदरबारी शाळेची ओळख असलेले यू-डायस क्रमांक वेगळे, मुलांच्या प्रवेशाची नोंद असलेली जनरल रजिस्टर वेगळी. एवढं सगळं मोडून हाती काय येणार, तर एक लांब नावाची पाटी.

लोकांच्या डोक्यात हा विचार येतो कुठून, तेही कळतं. २०२३ मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या शाळांची समूह शाळा करण्याचे, म्हणजे त्या एका मोठ्या शाळेत एकत्र आणण्याचे, प्रस्ताव सरकारनं मागवले, तेव्हा आपल्याच खानदेशातल्या तोरणमाळचं उदाहरण सगळीकडे दिलं गेलं. पण ते सातपुड्यातल्या विखुरलेल्या पाड्यांचं गणित. तिथं खोल्या आहेत, मुलं थोडी. आमच्याकडे नेमकं उलटं. नव्या शैक्षणिक धोरणात 'शाळा संकुल' आहे, त्याची गोष्ट आणखी वेगळी. ती कल्पना मुळात १९६४-६६ च्या कोठारी आयोगाची. शाळा आपापल्या जागी राहाव्यात आणि शेजारच्या शाळांनी प्रयोगशाळा, ग्रंथालय, शिक्षक वाटून वापरावेत. धोरणानंच लिहून ठेवलंय की आयोगाची ही सूचना अमलात आली नाही. आमच्याकडे ती आली, फक्त आयोगाचं नाव आम्हाला नंतर कळलं. आम्हाला ती कौलांनी शिकवली.

प्रयोगशाळेचंच सांगते, कारण सगळं तिथून सुरू झालं. दहावीला विज्ञानाचे दोन पेपर ४०-४० गुणांचे आणि प्रात्यक्षिकाचे २० गुण. ते २० गुण आमच्या भागातल्या मुलाला पास करतात, हे कुणीही विज्ञान शिक्षक कबूल करेल. पूर्वी एकाच खोलीत दोन्ही शाळांची वेगवेगळी कपाटं होती. आमच्याकडे सूक्ष्मदर्शक होते पण त्यातल्या एकाचीच भिंगं धड. त्यांच्याकडे भिंगं होती, स्टँड मोडलेले. आमच्याकडे परीक्षानळ्या, त्यांच्याकडे स्पिरिटचे दिवे. दोन कपाटं, दोन कुलपं, आणि एकही प्रयोग पुरता होत नव्हता. कपाट उघडायला काहीच हरकत नव्हती. अडचण होती डेडस्टॉकची, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीची. तपासणी आली की आमच्या रजिस्टरात जेवढं लिहिलंय तेवढं आमच्या कपाटात दिसलं पाहिजे, नाहीतर वसुली. या भीतीपोटी किती शाळांतलं सामान नवं कोरं राहून सडलं असेल, देव जाणे.

तोडगा त्यांच्या विज्ञानाच्या सरांनी काढला. ऑइलपेंटच्या दोन छोट्या डब्या आणल्या. आमच्या वस्तूला बुडाशी पिवळा ठिपका, त्यांच्या वस्तूला निळा. चुंबक, मापनपात्र, प्रिझम, सांगाड्याच्या टाचेलासुद्धा. त्यानंतर सगळं सामान विषयवार लावलं, प्रकाश एका फळीवर, विद्युत दुसऱ्या, आणि फळीवर चिठ्ठी दोन्ही लिप्यांत. वर्षभर ठिपक्याकडे कुणी बघत नाही. तपासणीच्या आदल्या संध्याकाळी दोन्हीकडची मुलं निवडायला बसतात आणि तासाभरात पिवळं इकडे, निळं तिकडे. फुटलं तर कुणाच्या मुलाच्या हातून फुटलं ते वहीत लिहायचं, दिवाळीच्या सुट्टीआधी हिशेब. चावी एकच, ती शिपाईमामांकडे होती, पण मामा दोन्ही बाजूंच्या तगाद्याला इतके कंटाळले की एक दिवस म्हणाले, "मले नका मांगू चाबी, आपाले मांगा." तेव्हापासून चावी आपांच्या टेबलाच्या खणात असते आणि न्यायची असेल तर सही करून न्यावी लागते. मीही सही करते.

वेळेची देवाणघेवाण वारांवर बेतलेली आहे. शुक्रवारी त्यांची शाळा जुम्म्याच्या नमाजानंतर भरते. बारा ते अडीच इमारत रिकामी, तेव्हा आमच्या दहावीची प्रात्यक्षिकं. शनिवारी आमची शाळा साडेदहाला सुटते, तर ते अकराला येऊन शुक्रवारचे गेलेले तास भरून काढतात. रोज दुपारी त्यांच्या सहा वर्गांनंतर तीन खोल्या उरतात, तिथं आमच्या दहावीचे जादा तास. चित्रकलेचे शिक्षक आमच्याकडे निवृत्त झाले आणि पद काही भरलं गेलं नाही. उर्दू शाळेचे सर शनिवारी आमच्या मुलांनाही एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांची तयारी करून देतात. बदल्यात त्यांच्या नववी-दहावीचं बीजगणित आमच्या एका मॅडम घेतात, हिंदीत, मुलं उर्दूत लिहून घेतात. यातलं कागदावर काहीही नाही. वेळापत्रकात तो तास 'मार्गदर्शन' म्हणून असतो. कागदावर घ्यायचं म्हटलं तर कोणत्या नियमात बसवायचं, इथपासून सुरुवात होईल आणि तोवर मुलांची दहावी होऊन जाईल.

खरा पेच उन्हाळ्याचा. खानदेशातल्या उन्हाचं बाहेरच्यांना सांगावं लागतं, आपल्याला नाही. मार्च सरता सरता पारा चाळिशीला टेकतो, एप्रिलमध्ये तो ओलांडून जातो आणि स्लॅबच्या खोलीत दुपारी तीनला भिंतीला पाठ टेकवत नाही. सगळ्या शाळा सकाळच्या होतात. आता आमची आधीच सकाळची. दुपारच्या शाळेनं जायचं कुठं? पूर्वी अनेक उन्हाळे त्यांनी तसेच काढले, ओल्या गोणपाटाचे पडदे लावून. एका एप्रिलमध्ये त्यांची सहावीतली मुलगी चक्कर येऊन पडली आणि आमच्या स्टाफमध्ये पहिल्यांदा कुणीतरी मोठ्यानं म्हणालं की हे बरोबर नाही. त्यावर वादही झाला. आमची सकाळ, आमच्या खोल्या, आम्ही का सोडायच्या? अशी भाषा शिक्षकांच्या तोंडीही येते, उगाच नाकारण्यात अर्थ नाही.

सुटका केली दहावीनं. बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये संपली की दहावीचे वर्ग मोकळे. आमचे ७ राहतात, त्यांचे ५. म्हणजे १२ वर्ग आणि ९ खोल्या. तीन वर्ग बाहेर बसवायचे. एक प्रयोगशाळेत, एक पुढच्या ओसरीवर, एक कडुनिंबाखाली. कोण बाहेर बसणार हे आठवड्याला बदलतं आणि त्याचा तक्ता फळ्यावर लागतो, कारण तोंडी ठरवलं की दर सोमवारी महाभारत. सगळे साडेदहाला घरी. गोंगाट होतो, हो. मराठीच्या कवितेत पलीकडचा पहाडा मिसळतो. कडुनिंबाखालच्या वर्गाला सगळ्यात कमी शिकवून होतं आणि मुलं तिथंच बसायला भांडतात. २०२५ साली मार्चमध्ये रमजान आला तेव्हा मात्र हीच सोय आम्हाला आधी, दहावी संपायची वाट न बघता करावी लागली, आणि दोन आठवडे अक्षरशः व्हरांड्यात रांग लावून काढले. ते काही कुणाला दाखवण्यासारखं नव्हतं.

आता संचमान्यता, कारण तिच्याशिवाय हे उत्तर खोटं ठरेल. पटावर, म्हणजे मुलांच्या संख्येवर, शिक्षकांची पदं. पट घसरला की एक शिक्षक अतिरिक्त, आणि मग त्याचं समायोजन, म्हणजे दुसऱ्या शाळेत नेमणूक, जिल्ह्यात जिथं जागा असेल तिथं. उर्दू माध्यमाच्या शिक्षिकेला तर उर्दू शाळाच शोधावी लागते. म्हणून मे महिन्यात, भर उन्हात, आमचे शिक्षक पाचवीच्या प्रवेशांसाठी घरोघरी फिरतात, त्यांचेही फिरतात. माध्यम वेगळं असल्यानं आमची मुलं वेगळी, असं बाहेरून वाटतं. तसं नाही. कित्येक मुस्लीम घरांत एक मूल मराठीत आणि एक उर्दूत असतं, आणि ते कुठं जाणार याचा निर्णय कधी कधी ओट्यावर उभ्या असलेल्या शिक्षकाच्या बोलण्यावर ठरतो. एका वर्षी यावरून दोन्ही स्टाफचं बोलणं बंद झालं होतं. चावीसाठी चिठ्ठ्या पाठवायचो. मग एवढंच ठरलं की शाळा सुरू झाल्यावर दाखला मागायला पालक आला, तर दाखला देण्याआधी कपाटापलीकडे सांगायचं, आणि दोघींनी मिळून पालकाशी बोलायचं. पाळलं जातं. दरम्यान पिवळ्या बसेसच्या इंग्रजी शाळा दोघांचीही मुलं नेताहेत, आणि त्यांच्याशी भांडायला आम्ही एकत्र असतो.

यामुळेच आमच्याकडे पाहुणे येतात आणि टोपीवाला एक मुलगा नि टिळ्याचा एक मुलगा शेजारी उभे करून फोटो काढतात, तेव्हा माझा जीव वैतागतो. मुलं फोटोला हसतात, पाहुणे भाषण करून जातात, आणि मुलींच्या स्वच्छतागृहाचं दार, जे दोन्ही शाळा मिळून दोरीनं बांधतात, ते तसंच. हे एकोप्याचं प्रदर्शन नव्हे. हे वेळापत्रक आहे, आणि ते दर जूनला नव्यानं भांडून करावं लागतं. या पट्ट्यात १९३६ च्या डिसेंबरात, फैजपूरच्या शेतात, नंदलाल बोसांनी बांबू आणि चटयांतून काँग्रेसचं अख्खं नगर उभं केलं. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. आम्हाला दोन खोल्या आणि एक जिना हवाय, पण कुणाचीच सभा इथं भरणार नसल्यानं तो होत नसावा.

नवी इमारत झाली तर वेगळे व्हाल का, हा पुढचा प्रश्न. खोल्या वेगळ्या घेऊ, आनंदानं घेऊ. अडचणीतून माणूस घडतो वगैरे मला मान्य नाही. साठ मुलांच्या वर्गात शेवटच्या बाकावरचं मूल फक्त मागे पडतं. पण ट्रस्टनं मागच्या महिन्यात नकाशासाठी इंजिनिअर पाठवला तेव्हा त्यानं विचारलं, "दोन शाळा, म्हणजे लॅब दोन धरू?" आपा आणि मी एकदमच नको म्हणालो. एकच धरा, दुप्पट मोठी, दोन दारांची, आणि पाण्याची लाइन प्रत्येक टेबलापर्यंत. चित्रकलेची खोली एक. ग्रंथालय एक, कपाटं आमच्याकडे आहेत. मुख्याध्यापकांच्या केबिन मात्र दोन, मध्ये वीटकामाची भिंत, असं आपांनी स्वतः लिहायला लावलं. आमच्या क्लार्कचा आवाज त्यांना फार झालाय.

नकाशा कधी येईल ते ट्रस्टला माहीत. तोवर पावसाच्या आत कौलं चाळून घ्यायची आहेत. सातपुड्यातून उतरलेल्या वानरांनी पश्चिमेची बाजू पार उसकटून टाकली आहे, आणि यंदाचा खर्च आमच्या शाळेकडे आहे.