रानात कोंबडी कुठली?

माराका बेटावर कोंबड्या नाहीत. तरी त्या सकाळी झुडपाआडून मला चक्क कॉक्-कॉक्-कॉक् ऐकू आलं.

मे महिना, पाऊस नुकताच लागलेला. ब्राझीलमधल्या रोराइमा राज्यात उरारिकुएरा नदीनं वेढलेलं हे रान. इथे लाल पायांची आणि पिवळ्या पायांची, अशी दोन्ही जातींची जमिनीवरची कासवं एकत्र नांदतात. माझं काम तसं रटाळ: कासवाच्या पाठीवर दोऱ्याचं रीळ चिकटपट्टीनं बसवायचं, दोऱ्याचं टोक झाडाला बांधायचं आणि दुसऱ्या दिवशी दोऱ्यामागून चालत त्यानं किती वाट तुडवली ते मोजायचं.

लाल पायांचा नऊ नंबरचा नर चार दिवस उन्मळलेल्या झाडाखालून हललाच नव्हता. मेला, असं मी वहीत लिहिणारच होते. वाटाड्या म्हणाला, "पोट भरलंय त्याचं. पडू दे." झाडाखाली शिरायच्या आदल्याच दिवशी नऊ नंबरनं तापेरेबाच्या सड्यावर ताव मारला होता. तापेरेबा म्हणजे आपल्या कोकणातल्या अंबाड्याचं चुलत भावंड, तसंच आंबट, तशीच धागेदार बाठी. या बाठ्या पुढे कुठेतरी लांब कासवाच्या विष्ठेतून बाहेर पडतात. आपण जंगल पेरतोय, असा भाव मात्र त्याच्या तोंडावर कधी दिसला नाही.

पाचव्या दिवशी दोरा झाडाखालून निघून थेट त्या कॉक्-कॉककडे गेलेला. नऊ नंबर एका कासवापुढे मान ताणून डोक्याला बाजूला झटके देत होता. समोर नर असता तर त्यानंही तसेच झटके दिले असते. (पिवळ्या पायांचा नर झटके देत नाही, डोकं सावकाश फिरवतो.) इथे उत्तर नाही. मग मागे जाऊन हुंगणं, आणि पुन्हा चढाई. नराचं पोट खोलगट असतं, त्यामुळे मादीच्या पाठीवर जरा तरी टेकता येतं. दर धक्क्याला जबडा उघडे आणि आतून कोंबडी ओरडे.

मादी चालू लागली तशी आमच्याच दोऱ्याचा फास तिच्या मागच्या पायात आवळला. नऊ नंबर घसरला, उताणा. चार पाय हवेत. मी कात्री काढून दोरा कापला, वाटाड्यानं त्याला सुलटं केलं. मादी तोवर पानांत दिसेनाशी झाली होती. तो थोडा वेळ मान आत घेऊन बसला, मग विरुद्ध दिशेला निघाला.

वहीत लिहिलं: दोरा तुटला, अंतर अपूर्ण.

वाटाड्यानं वाकून पाहिलं. "डॉक्टरबाई, कोंबडी नाही लिहिलीत?"