मक्यावर मका

गिरणीत एक अलिखित कायदा असतो: गव्हावर गहू, ज्वारीवर ज्वारी. आधीच्या गिऱ्हाइकाचं मूठभर पीठ दगडात राहतं, ते आपल्या डब्यात यायला नको. पण कोंढव्यातल्या आमच्या गिरणीत मका कोणी आणतच नाही. त्यामुळे वरच्या मजल्यावरच्या केनियाच्या मुलीचा दोन किलो मका कधी बाजरीवर पडतो, कधी हरभऱ्याच्या डाळीवर. मागच्या वेळी तिचं पीठ राखाडी निघालं. गिरणीवाले काका अस्सल पुणेरी हिंदीत म्हणाले, "चाळके लो, कुछ नहीं होता!"

खरं तर तिला हवा असतो पांढरा मका. तिकडे उगाली, म्हणजे पीठ पाण्यात घट्ट शिजवून केलेला गोळा, पांढऱ्या मक्याच्या पिठाची. इथे बाजारात जिकडेतिकडे पिवळाच.

एका रविवारी तिने आम्हाला वर बोलावलं. पाण्याला खळखळून उकळी, त्यात पीठ, आणि मग लाकडी पळीने, तिच्या भाषेत म्विकोने, घोटणं. गोळा पातेल्याची कड सोडेपर्यंत हात थांबवायचा नाही. ताटात उपडा केला तर डेऱ्यासारखा उभा राहिला. त्याचा लहानसा गोळा हातात वळायचा, अंगठ्याने खळगा पाडायचा आणि त्या खळग्याने भाजी उचलायची. भाजीचं नाव सुकुमा विकी, म्हणजे 'आठवडा ढकला'. महिनाअखेरीच्या भाजीला याहून चांगलं नाव आपल्याकडे कुणाला सुचलेलं नाही.

सासूबाईंनी पहिला घास घेतला. "अगं, हा तर घाटा! पण मीठ विसरली वाटतं." उगालीत मीठ घालतच नाहीत, हे त्यांना पटलं नाही. ताकातल्या कण्यांवर वाढलेल्या जिभेला कसं पटणार? खाली जाऊन त्या ठेचा घेऊन आल्या.

तिच्या स्वाहिली भाषेत मक्याला महिंदी म्हणतात, आणि भारतीय माणसाला म्हिंदी. म्हणजे तिकडच्या लेखी हे धान्य आमचं! इटलीत त्याच मक्याचा पोलेंटा होतो आणि तिथे मक्याचं एक नाव आहे 'तुर्की धान्य'. तुर्कीत जावं तर मका आणि इजिप्त या दोन्हींना एकच शब्द, मिसिर. सुमारे ९००० वर्षांपूर्वी मका शेतात आणला तो मेक्सिकोतल्या माणसांनी, त्यांचं नाव या बारशांत कुठेच नाही.

परवा वरची मुलगी दळणाला निघाली तेव्हा सासूबाईही किलोभर मका घेऊन तिच्याबरोबर गेल्या. "आधी आमचा घाला, मग पोरीचा." तिचं पीठ स्वच्छ पिवळं निघालं. बाजरीचं राखाडी आमच्या वाट्याला आलं, त्याच्या संध्याकाळी भाकऱ्या झाल्या. मीठ घालून.