रोहूच्या टीएलआर५चं मॉडेल करताना

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला मी रोहू माशाचं टीएलआर५ घेतलं; कॉम्प्युटरवर त्याच्या त्रिमितीय रचनेचं मॉडेल करायचं होतं. जिवाणूंच्या शेपटीतलं फ्लॅजेलिन ओळखून पेशीला सावध करणारं हे प्रथिन. काम सोपं वाटलं होतं, कारण टेम्प्लेट, म्हणजे ज्यावर मॉडेल बेतायचं ती आधीच माहीत असलेली रचना, तयार होतं: झेब्राफिशच्या टीएलआर५ची, फ्लॅजेलिनला चिकटलेल्या अवस्थेतली रचना २०१२ मध्येच प्रसिद्ध झाली आहे. आणि झेब्राफिश रोहूचा लांबचा भाऊबंदच.

मॅडम म्हणाल्या, "आधी रचनेची फाइल नीट वाच, मग टेम्प्लेट म्हण." वाचली. त्यात पेशीबाहेरचा भागही पूर्ण नाही, आणि प्रथिन स्थिर राहावं म्हणून शेवटाला चक्क हॅगफिशच्या व्हीएलआर या प्रथिनाचा तुकडा जोडलेला! हॅगफिश म्हणजे जबडा नसलेला मासा. आपल्यात अँटिबॉडी जे करतात ते त्याच्यात व्हीएलआर करतं. टीएलआर५ आणि व्हीएलआर दोन्हींत ल्यूसिन या अमिनो आम्लाची तीच आवर्तनं, म्हणून जोड बेमालूम बसते. फाइल तशीच वापरली असती तर रोहूच्या मॉडेलचा एक भाग हॅगफिशवर बेतला गेला असता आणि मॉडेल दिसलं मात्र झकास असतं. तो तुकडा छाटला, उरलेल्यासाठी अल्फाफोल्ड, म्हणजे अमिनो आम्लांच्या क्रमावरून प्रथिनाच्या रचनेचा अंदाज बांधणारा एआय प्रोग्राम.

अल्फाफोल्डने घोड्याच्या नालासारखा बाहेरचा भाग सुरेख काढला. पण पेशीपटलातून जाणारा दांडा आणि आतला भाग बाहेरच्याच्या तुलनेत नेमके कुठे, याचा पीएई आलेख (भागांच्या परस्पर जागेच्या अंदाजात किती चूक असू शकते ते दाखवणारा) बघितला की चित्रावरचा विश्वास आटोपता घ्यावा लागतो. रंगीत चित्रं सेमिनारला बरी.

उत्क्रांतीचा भाग जास्त किचकट. नैसर्गिक निवडीचा दाब कुठल्या अमिनो आम्लांवर आहे ते बघायला कोडॉन अलाइनमेंट लागतं, म्हणजे वेगवेगळ्या माशांच्या जनुकांचे सिक्वेन्स तीन-तीन अक्षरांच्या कोडॉननुसार एकाखाली एक जुळवणं. त्यात तीन अक्षरांची चौकट एका ठिकाणी जरी सरकली, तरी कोडएमएल हा निवडीचा दाब मोजणारा प्रोग्राम उत्साहाने 'पॉझिटिव्ह सिलेक्शन' (बदलाला अनुकूल निवड) दाखवतो. त्यामुळे कित्येक माशांचे सिक्वेन्स डोळ्यांनी तपासले, अर्धवट असलेले काढले. कंटाळवाणं, पण निकालावर भरवसा ठेवायचा तर याला पर्याय नाही.

आता अडलंय ते जोडीवर. झेब्राफिशमध्ये टीएलआर५ची दोन जनुकं आहेत आणि फ्लॅजेलिन ओळखायला दोन्हींची प्रथिनं एकत्र लागतात. मी मॉडेल केलंय एकाच साखळीचं. दोन्ही एकत्र घातल्या की लॅबच्या मशीनची मेमरी संपते, म्हणून सध्या सर्व्हरवर नंबर लावलाय.