कोअर चार, क्रमांक सहापर्यंत

चवथीच्या आदल्या आठवड्यात वेर्ण्याच्या एका कारखान्यातून फोन आला. मशीन परत बंद पडलं होतं, तीन दिवसांत चौथ्यांदा. त्यावर आमचा लिनक्स ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअर लिनक्सला जोडणारा प्रोग्राम, चालतो. भर पावसात फोंड्याहून बोरीच्या पुलावरून निघालो.

पॅनिकचे, म्हणजे लिनक्सचा गाभा (कर्नल) कोसळतानाचे, लॉग पाहिले. एकदा नेटवर्क, एकदा फाइल सिस्टीम. दर वेळी कोसळायची जागा निराळी, आणि आमच्या ड्रायव्हरचं नाव कुठेच नाही. असे लॉग दिसले की मी आधी एकच शंका घेतो: कुणीतरी दुसऱ्याच्या मेमरीत लिहितंय.

"हल्ली काही बदललंत का?" मी विचारलं. मेंटेनन्सचे काका म्हणाले, "सोमवारी हायपरथ्रेडिंग बंद केलं रे. वरून तसा आदेश आला, सुरक्षेसाठी. आता बूट होतानाच बंद होतं."

हायपरथ्रेडिंगमुळे प्रोसेसरचा एक कोअर लिनक्सला दोन कोअर असल्यासारखा दिसतो; ते बंद केलं की जोडीतला एक जातो. कर्नल आपली माहिती जिथे दाखवतो त्या 'सिस' फोल्डरखालची सीपीयूची 'ऑनलाइन' फाइल उघडली. एकच ओळ: ०,२,४,६. म्हणजे आठांपैकी याच क्रमांकांचे चार कोअर चालू.

त्या ओळीकडे बघताच पोटात गोळा आला. ड्रायव्हर सुरू होताना प्रत्येक कोअरला ६४ बाइटचा एक खण देतो, आणि खण किती हे मी ठरवलं होतं 'नम_ऑनलाइन_सीपीयूज', म्हणजे आत्ता किती कोअर चालू, हे कर्नलला विचारून. उत्तर ४, म्हणजे २५६ बाइट. लिहिताना मात्र कोअर आपला क्रमांक वापरतो. ० आणि २ आपल्या जागेत राहिले. ४ आणि ६ थेट शेजाऱ्याच्या मेमरीत. वाड्यावरचं एखादं घर पडलं म्हणून पुढच्या घरांचे नंबर बदलत नाहीत, तसंच हे. आमच्या टेबलावर आठही कोअर चालू असायचे, त्यामुळे मोजणी आणि क्रमांक कायम जुळले आणि तीन वर्षं सगळ्या चाचण्या पास झाल्या.

नुसत्या तर्कावर कोड बदलायचा नव्हता. केसॅन, म्हणजे मेमरीतल्या चुका पकडणारं कर्नलचं साधन, चालू करून कर्नल पुन्हा बिल्ड केला, तसेच चार कोअर ठेवले. दोन मिनिटांत 'स्लॅब-आउट-ऑफ-बाउंड्स', म्हणजे दिलेल्या जागेबाहेर हात गेल्याची तक्रार, सोबत आमच्याच फंक्शनचं नाव आणि सीपीयू ४.

मोजणीच्या जागी 'एनआर_सीपीयू_आयडीज' घातलं की प्रश्न सुटतो, कारण शक्य असलेल्या सर्वांत मोठ्या क्रमांकाच्या पुढचा आकडा तो देतो. मी तरी दर कोअरला वेगळी जागा देणारं कर्नलचं 'अलॉक_परसीपीयू'च घेतलं. प्रत्येक कोअरची जागा कर्नलच सांभाळतो, आणि कोअर मागाहून चालू केला तरी त्याची जागा तयार असते.

काकांनी चहा आणेपर्यंत बाकीचा कोड ग्रेप केला, म्हणजे तोच शब्द सगळीकडे शोधला. तीच चूक आणखी दोन ठिकाणी सापडली.