कूलरमागची भिंत

शाळा सुरू व्हायच्या आदल्या रात्री लेकाचा गणवेश कपाटातून काढला, तर कुबट वास. धुऊन, इस्त्री करून ठेवलेला गणवेश! सकाळी आम्ही दोघांनी कपाट भिंतीपासून ओढलं आणि मी तिथेच मटकन बसले. कमरेखालची भिंत हिरवी-काळी झालेली. ताटाएवढे दोन डाग आणि भोवती बारीक ठिपके.

अमळनेरात बुरशी? ती कोकणातल्या घरांची गोष्ट, असंच मी धरून चालले होते. आमच्याकडे मे महिन्यात पारा 44-45 वर जातो, दोरीवरचे कपडे अर्ध्या तासात कडक होतात. पण ओल घरात आम्हीच भरत होतो. मार्चपासून खिडकीत कूलर, आणि झळ नको म्हणून समोरची खिडकी दिवसभर घट्ट बंद. कूलर पाण्याची वाफ करूनच हवा गार करतो. त्या ओल्या हवेला बाहेर जायला वाट नसली, की ती वारा न लागणाऱ्या जागी मुरते. शिवाय कूलरच्या टाकीतून पाणी झिरपून खिडकीखालचा गिलावा सतत ओला, आणि कपाट त्याच भिंतीला चिकटून. लेकाला दमा आहे. तो रात्री खोकायचा आणि आम्ही धुळीला दोष देत होतो. हे मला अजून लागतं.

हे रंगाचा डबा आणायला निघाले, तशा सासूबाई अहिराणीत म्हणाल्या, "भीत (भिंत) रडी ऱ्हायनी. पहिले पानी बंद कर, मंग रंग दे." खरंच, बुरशीवर रंग मारला तर महिन्याभरात पोपडे धरून ती पुन्हा वर येते. म्हणून आधी टाकीची गळती काढली.

मग हे खराटा घेऊन आले. मी हात धरला. कोरडी बुरशी झाडली की तिचे बीजाणू घरभर उडतात. लेकाला आत्याकडे पारोळ्याला पाठवलं. पंखा बंद, आतलं दार बंद, बाहेरची खिडकी उघडी. एन-95 मास्क, रबरी हातमोजे, डोळ्यांना गॉगल. फडक्याचा रुमाल तोंडाला बांधून भागत नाही, बीजाणू त्यातून सहज जातात. कपडे धुवायच्या पावडरीचं पाणी फवारून आधी भिंत भिजवली, मगच घासली. फडकी वारंवार पिळली, पाणी बदललं.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगते. ब्लीचिंग पावडर आणि फरशीचं ॲसिड कधीही एकत्र करू नका. माझ्या दिराने बाथरूमची भिंत स्वच्छ करायला एकावर एक ओतलं होतं. क्षणात घसा जळायला लागला, डोळ्यांतून पाणी, श्वास अडकला. क्लोरीन वायू होता तो. दार उघडं होतं म्हणून निभावलं. व्हिनेगर किंवा काच पुसायचं अमोनियाचं द्रावणही ब्लीचमध्ये मिसळायचं नाही. आणि गिलाव्याच्या भिंतीवर ब्लीचचा फार उपयोगही नाही. वरचा डाग पांढरा होतो, आत शिरलेली बुरशी तशीच राहते. म्हणून भुसभुशीत झालेला गिलावा आम्ही ओला करून विटेपर्यंत खरवडला, जाड पिशवीत भरून तोंड बांधून टाकला. अंगावरचे कपडे लगेच वेगळे धुतले.

पलीकडच्या भिंतीवर पांढरी भुकटी होती, तीही बुरशीच वाटली. पाणी शिंपडलं तर विरघळली, म्हणजे लोणा, भिंतीतून वर आलेला क्षार. तो ओलीची खूण आहे, पण बुरशी नव्हे.

आमचे डाग लहान होते, म्हणून घरीच जमलं. साधारण 10 चौरस फुटांपेक्षा जास्त पसरली असेल, किंवा घरात दम्याचं माणूस एकटंच असेल, तर स्वतः हात घालू नका.

घासून झाल्यावर भिंत पूर्ण वाळू दिली. 12 दिवस लागले. मग गवंड्याने नवा गिलावा केला आणि वर आम्ही चुनाच दिला. चुना अल्कधर्मी असतो, त्यावर बुरशी सहसा धरत नाही, आणि भिंतीतली ओल बाहेर पडते. ऑइल पेंट ती आत कोंडतो.

आता कपाट भिंतीपासून वीतभर लांब आहे. कूलर चालू असताना समोरची खिडकी चार बोटं उघडी असते. झळ येते थोडी, येऊ दे. यंदा जूनमध्ये कपाट ओढून पाहिलं, तर कोपऱ्यात रुपयाएवढा ठिपका. त्याच संध्याकाळी मास्क लावून पुसला आणि टाकीखालचा वॉशर बदलून घेतला.