बेरी पिकल्या की कॉब्लर

जुलै लागला की अमेरिकेतल्या ओरेगन राज्याच्या विलामेट खोऱ्यात घरोघरी एकच विषय असतो: एवढ्या बेरींचं करायचं काय? तिकडे तुमच्याकडे पावसानं झड धरलेली असते, इथे मात्र आभाळ कोरडं ठणठणीत. इथला पाऊस मुख्यतः हिवाळ्यातला. उन्हाळ्यात रात्रीचे नऊ वाजले तरी अंगणात उजेड असतो. दिवसा ऊन, रात्री गारवा, आणि नेमकं हेच बेरींना मानवतं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत एकामागून एक बेरी पिकत जातात आणि कुठलीच फार दिवस थांबत नाही. आज फ्रिजमध्ये ठेवू, रविवारी बघू, हे इथे चालत नाही. रविवारपर्यंत तळाच्या बेरींना बुरशी धरलेली असते.

म्हणून इथल्या घरांत कॉब्लर होतो, म्हणजे फळांचा भाजलेला गोड पदार्थ. भरपूर फळ, मैद्याचं साधंसं मिश्रण, बटर आणि ओव्हन. पण आधी फळांबद्दल सांगते, कारण कॉब्लरमध्ये निम्म्याहून जास्त काम फळच करतं.

सुरुवात स्ट्रॉबेरीनं होते. इथली हूड जातीची स्ट्रॉबेरी आतपर्यंत लालबुंद असते आणि तोडल्यावर फार टिकत नाही. ती मी शिजवत नाही, ती नुसतीच खावी. मग रास्पबेरी, मग ब्लूबेरी, आणि जुलैच्या मध्याला, जिची मी वर्षभर वाट बघते ती मॅरिअनबेरी.

मॅरिअनबेरी ही ब्लॅकबेरीचीच एक जात, आणि ती इथल्या मातीतच जन्मली. अमेरिकेच्या कृषी खात्यातले जॉर्ज वॉल्डो यांनी ओरेगन स्टेट विद्यापीठाच्या सहकार्यानं चेहालेम आणि ओलॅली या दोन जातींचा संकर केला आणि 1956 मध्ये ही जात शेतकऱ्यांच्या हाती आली. मॅरिअन काउंटीत तिच्या चाचण्या झाल्या, म्हणून हे नाव. लांबट, काळसर जांभळं फळ. आधी गोड लागतं, मग आंबट, आणि शेवटी जिभेवर किंचित तुरटपणा राहतो. साल इतकी नाजूक की ताजी फळं लांबच्या बाजारापर्यंत तग धरत नाहीत. बहुतेक पीक गोठवलं जातं किंवा जॅमला जातं. ताजी मॅरिअनबेरी खायची तर उन्हाळ्यात इकडेच यावं लागतं, आणि त्यासाठी यावं असं मी मनापासून म्हणेन.

ऑगस्टमध्ये रानची ब्लॅकबेरी पिकते. नदीकाठ, रेल्वेचे रूळ, पडीक जागा, जिथे बघाल तिथे तिच्या जाळ्या. तिला हिमालयन ब्लॅकबेरी म्हणतात, पण मूळ तिचं आर्मेनिया आणि उत्तर इराणकडचं. ल्यूथर बरबँक या कॅलिफोर्नियातल्या वनस्पतीतज्ज्ञानं 1885 मध्ये ती अमेरिकेत आणली आणि पुढे ती हाताबाहेर गेली. इथल्या स्थानिक झाडाझुडपांना ती दाबून टाकते, म्हणून ओरेगनमध्ये तिची गणना उपद्रवी तणात होते. फळ मात्र मधुर. मे महिन्यात करवंदांच्या जाळीत हात घालावा तसाच प्रकार: कोपरापर्यंत ओरखडे, बोटं जांभळी आणि तरीही आत खोलवर दिसणारं ते एक टपोरं फळ सोडवत नाही. एक काळजी मात्र घ्यायची. रस्त्याकडेच्या जाळ्यांवर तणनाशक मारलेलं असण्याची शक्यता असते, तेव्हा तिथली फळं तोडायची नाहीत.

विकत आणण्यापेक्षा आम्ही शेतावर जाऊन तोडतो. याला इथे यू-पिक म्हणतात: आपण तोडायचं, शेवटी वजन करून पैसे द्यायचे. पोर्टलंडजवळ विलामेट नदी कोलंबियाला मिळते तिथे सोव्ही आयलंड नावाचं मोठं बेट आहे, तिथे अशी बरीच शेतं आहेत. सकाळी लवकर जावं. ऊन चढलं की फळ मऊ पडतं आणि बादलीत आपल्याच भारानं चेंगरतं. उथळ ट्रे न्यावेत, खोल बादली नको. पहिल्या वर्षी वजनकाट्यावरच्या बाईंनी सांगितलेलं अजून उपयोगी पडतं: पानं उचलून खाली बघा, चांगली फळं सावलीत असतात. ब्लॅकबेरी काळी झाली म्हणजे पिकली असं नाही. चकचकीत काळी असेल तर अजून आंबट आहे. तकाकी जाऊन जराशी मंद काळी झाली आणि नुसतं बोट लावताच हातात आली की ती पिकली. तोडल्यावर ती पिकत नाही, त्यामुळे तोडताना घाई करून उपयोग नसतो.

या सगळ्याला हवामानाची मर्जी लागते. 2021 च्या जूनअखेर इथे उष्णतेची भयंकर लाट आली होती. 28 जूनला पोर्टलंडमध्ये पारा 116 अंश फॅरनहाइटला, म्हणजे जवळजवळ 47 सेल्सिअसला गेला. ऐन पिकायच्या वेळी वेलींवरच्या रास्पबेरी आणि ब्लॅकबेरी जागच्या जागी भाजून निघाल्या. शेतकऱ्याचं वर्षभराचं काम दोन-तीन दिवसांत गेलं. त्यानंतर मी बेरींचा ट्रे हातात घेते तेव्हा त्यातली एकही वाया घालवायची नाही असं वाटतं, आणि कॉब्लर मला प्रिय आहे तो यासाठीच. चेंगरलेली, जास्त पिकलेली, तीन प्रकारची मिळून उरलेली मूठमूठभर, सगळी फळं त्यात खपतात.

कॉब्लर हा अमेरिकेत आलेल्या इंग्रज वसाहतकऱ्यांच्या स्वयंपाकातून घडलेला पदार्थ. मायदेशी होणारी पुडिंग करायला ना तसं सामान होतं ना तशी साधनं, मग हाताशी असलेलं फळ भांड्यात घालून वर पिठाचे गोळे टाकायचे. पुढे 1840 च्या दशकात ओरेगन ट्रेलवरून बैलगाड्यांचे तांडे याच विलामेट खोऱ्यात आले. त्यांच्या सामानात बिडाची जाड झाकणाची भांडी असत. खाली निखारे, झाकणावर निखारे, की झाला ओव्हन. कॉब्लरला खालची पारी नसते, त्यामुळे लाटणं-पोळपाट लागत नाही आणि असल्या उघड्यावरच्या चुलीवरही तो होतो.

आज त्याचे मुख्य दोन प्रकार दिसतात. एकात फळ खाली आणि वर जाडसर पिठाचे गोळे. दुसऱ्यात तळाला वितळलेलं बटर, त्यावर सरसरीत मिश्रण, त्यावर फळ, आणि भाजताना मिश्रण फुगून फळांच्या मधून वर येतं. पीचसाठी मला पहिला आवडतो. बेरींसाठी मात्र दुसराच, कारण बेरींना रस फार सुटतो आणि तो सगळा या मिश्रणात मुरतो. शिवाय तो इतका सोपा आहे की शाळकरी मुलगी एकटी करेल, फक्त गरम भांडं उचलायला मोठं माणूस हवं.

ओव्हन 350 अंश फॅरनहाइटला, साधारण 175 सेल्सिअसला लावायचा. 9 इंची चौकोनी भांड्यात बटरची एक स्टिक, म्हणजे 113 ग्रॅम बटर घालून भांडं ओव्हनमध्येच ठेवायचं. ते वितळेपर्यंत 1 कप मैदा, पाऊण कप साखर, 2 छोटे चमचे बेकिंग पावडर आणि पाव चमचा मीठ एकत्र करून घ्यायचं. इथला कप साधारण 240 मिलिलिटरचा, त्यात मैदा 125 ग्रॅमच्या आसपास बसतो. त्यात 1 कप दूध घालून गुठळ्या मोडेपर्यंतच ढवळायचं, जास्त फेटलं की मिश्रण चिवट होतं. दूध फ्रिजमधून काढलेलं गारढोण नको, विशेषतः भांडं काचेचं असेल तर. गरम काचेवर गार मिश्रण पडलं तर ती तडकू शकते.

भांडं बाहेर काढून वितळलेल्या बटरवर हे मिश्रण ओतायचं आणि त्याला हात लावायचा नाही. त्यावर 3 कप बेरी पसरायच्या, अर्ध्या लिंबाचा रस आणि थोडी किसलेली साल घालायची, वरून दोन चमचे साखर भुरभुरायची. इथेही ढवळायचं नाही. 45 ते 55 मिनिटांत बेकिंग पावडरमुळे मिश्रण वर चढतं, कडेला आलेल्या बटरमध्ये त्याची किनार तळल्यासारखी कुरकुरीत होते आणि मध्यभाग मऊ राहतो. कडा लवकर लाल होतात, त्यांच्याकडे बघून ओव्हन बंद करू नका. मधोमध रसाचे बुडबुडे जाड, संथ दिसायला लागले की झालं. नंतर निदान अर्धा तास तसाच ठेवायचा, तेवढ्यात रस आळतो.

साखरेचं प्रमाण फळावर ठरवा. ब्लूबेरी गोड असतात, त्यांना अर्धा कप पुरते. रानच्या ब्लॅकबेरीला पाऊण लागते. बेकिंग पावडर संपली म्हणून नुसता खाण्याचा सोडा घालू नका: बेरींचा जांभळा रंग आम्लात लाल-जांभळा खुलतो आणि सोड्यानं निळसर-हिरवट होतो. लिंबू त्याच कारणानं घालायचं, चवीसाठी तर आहेच. वेलची-जायफळ घालायचा मोह होतो, मी घालत नाही. मॅरिअनबेरीला स्वतःचा इतका सुरेख वास आहे की तिच्याशेजारी दुसरा वास नको वाटतो.

आणि तुमच्यापैकी पुष्कळांच्या कामाची गोष्ट म्हणजे यात अंडं नाही. आई-बाबा आमच्याकडे येतात ते उन्हाळ्यातच, म्हणजे चातुर्मास बहुतेक इथेच सुरू होतो. आईनं कांदा, लसूण, वांगं सोडलेलं, केक-कुकीजना अंड्यामुळे ती एरवीही हात लावत नाही. कॉब्लर मात्र तिला बिनधास्त देता येतो. पहिल्यांदा ती ओट्याशी उभी राहून बघत होती.

"अगं, हे ढवळायचं नाही का? बटर नुसतं वर तरंगतंय."

"नाही आई, तसंच ठेवायचं. तू फक्त बघ."

ती खरंच ओव्हनच्या काचेतून बघत बसली, मिश्रण फळांच्या मधून वर येईपर्यंत. मग तिनं बटरऐवजी साजूक तूप घालून बघायला सांगितलं. बटरमध्ये थोडं पाणी असतं, तुपात नसतं, म्हणून तूप 90 ग्रॅमच्या आसपास घेतलं आणि मिठाची चिमूट वाढवली. किनार अधिक खुसखुशीत झाली. आता आई-बाबा इथे असतील तेव्हा तुपाचाच होतो आणि बाबा त्याच्याबरोबर व्हॅनिला आइस्क्रीम दोनदा मागून घेतात.

4 जुलैला, स्वातंत्र्यदिनी, गल्लीत सगळे मिळून जेवण असतं. प्रत्येकानं एक पदार्थ न्यायचा. मी हाच नेते, ज्या भांड्यात भाजला त्याच भांड्यात, कारण कॉब्लर सुरीनं कापून वड्या पडण्यातला नव्हे, तो चमच्यानं वाढायचा. मॅरिअनबेरी तोवर आलेली नसते, म्हणून रास्पबेरी आणि ब्लूबेरी निम्म्या-निम्म्या. उरला तर दुसऱ्या दिवशी सकाळी ओव्हनमध्ये दहा मिनिटं गरम करून घट्ट दह्याबरोबर खावा. मायक्रोवेव्हमध्ये त्याची किनार मऊ पडते.

हिवाळ्यासाठी मी मॅरिअनबेरी गोठवून ठेवते. धुऊन, पंचावर पूर्ण कोरड्या करून ट्रेवर एकेक सुटी पसरायची, दगडासारखी कडक झाली की पिशवीत भरायची. आधीच पिशवीत भरली तर सगळ्याचा एकच गोळा होतो. तुमच्याकडे गोठवलेल्या बेरी मिळत असतील तर त्यांचाही कॉब्लर छान होतो, छोट्या ओटीजीतही. फक्त त्या वितळू द्यायच्या नाहीत, नाहीतर घालण्याआधीच रस निघून जातो. फ्रीझरमधून थेट मिश्रणावर घालायच्या, भांडं काचेऐवजी धातूचं घ्यायचं आणि दहा-पंधरा मिनिटं जास्त भाजायचं.