देव कुठलाही चालेल, घराणं नाही

मागच्या महिन्यात तंबोरा घेऊन मिरजेला गेले. घेऊन म्हणजे अक्षरशः मांडीवर घेऊन. कोयनेच्या डब्यात तंबोरा वर ठेवता येत नाही, खाली ठेवला तर कुणाचा तरी पाय लागतो, उभा धरला तर पंखा. साताऱ्यापर्यंत दोन जणांनी विचारलं, एवढा मोठा भोपळा कुणाला नेताय? शेंगावाल्यानं मात्र गवसणीकडे नुसतं बघून सांगितलं, "मिरजेला चाललाय न्हवं, जवारीला."

त्या लाइनवर शेंगावाल्यालाही जवारी, म्हणजे तंबोऱ्याची घोडी घासून आवाज लावून घेणं, माहीत असते.

घर बदलताना सामान हलवणाऱ्यांनी तंबोरा गादीत गुंडाळून आडवा टाकला आणि भोपळ्याला केसाएवढी चीर गेली. ते निमित्त. खरं दुखणं जुनं होतं. दोनेक वर्षं तंबोरा बोलतच नव्हता. तारा नव्या घातल्या, तारांखालचा दोरा पुढे-मागे करून पाहिला, पण आवाज आपला पत्र्याच्या डब्यावर खडा मारल्यासारखा. पुण्यात एकाला दाखवला, त्यानं पैसे घेतले आणि होता तसाच परत दिला. शेवटी म्हटलं, जिथून आला तिथेच नेऊ.

माझा तंबोरा १९९१ सालचा, सतारमेकर गल्लीतला. ही मंडळी मूळची शिकलगार, हत्यारांना धार आणि चकाकी देणारी. तलवारींचे दिवस सरले तशी १८५०च्या आसपास फरीदसाहेबांनी तंतुवाद्यं दुरुस्त करायला आणि मग घडवायला घेतली, पटवर्धनांच्या संस्थानात त्याला आश्रय मिळाला, आणि आज सातासमुद्रापार मिरजेची सतार जाते. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. दुकानात त्याचा कागद कुठे लावलाय का म्हणून मी पाहिलं. भिंतीवर एक कॅलेंडर होतं आणि खाली लाइटचं बिल खोचलेलं.

ज्यांच्याकडे मी जाते त्यांना मी चाचा म्हणते, ते मला ताई. वय सत्तरीच्या पुढे. कोपऱ्यात वाळलेल्या भोपळ्यांची चळत. हे भोपळे पंढरपूरच्या बाजूला, भीमेकाठी पिकतात. खायचे नव्हेत, कडू, जाड सालीचे. वाळवायचे, कापायचे, पाण्यात भिजवून आतून काड्यांचा टेकू देऊन आकाराला आणायचे. चाचांचा नातू तेव्हा एका दिंडीतल्या वीणेकऱ्याची वीणा खोलून बसला होता. आषाढीच्या आत हवी म्हणून दोन फोन येऊन गेले होते. "माउली लई घाई करतात," तो म्हणाला, आणि खुंटी खडूत घोळवून परत बसवली.

माझा तंबोरा चाचांनी आडवा घेतला, छेडला, आणि तोंड वाकडं केलं. मग एकेक तार सैल करून घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, बाहेर काढली.

जवारी म्हणजे काय, हे गाणाऱ्यांनाही नीट सांगता येत नाही. घोडीचा माथा सपाट दिसतो, पण तो सपाट नसतो. त्याला अगदी नखाएवढा उतार असतो आणि तार त्या उतारावर टेकल्यासारखी, न टेकल्यासारखी पसरलेली असते. वर्षानुवर्षं तार घासून तिथे खाचा पडतात, की आवाज गेलाच. चाचा कानस एकदा फिरवतात, फुंकर मारतात, घोडी डोळ्यांच्या रेषेत धरून उजेडाकडे बघतात, परत एकदा कानस. मोजायला काही नाही. मग घोडी बसवायची, तार ताणायची, खाली सुती दोरा सरकवायचा आणि ऐकायचं. नाही जमलं की सगळं परत उतरवायचं. माझ्यासमोर त्यांनी हे अकरा वेळा केलं. अकराव्या वेळेला खर्जाच्या तारेतून गांधार असा काही वर आला की समोरच्या दुकानातला पोरगा मोबाइलमधून मान वर काढून बघायला लागला.

तेवढ्या वेळात माझ्या डोक्यात आमचे बुवा होते.

बुवा म्हणजे माझे गुरू. सोवळ्यातले. आमच्या घरी कधी चहा घेतला नाही, शिकवणी झाली की तांब्यातलं पाणी, तेही स्वतःच्या तांब्यातलं. पण ग्वाल्हेर घराण्याच्या हद्दू-हस्सू खाँचं नाव निघालं की कानाची पाळी धरल्याशिवाय पुढचा शब्द नाही. ग्वाल्हेरचं गाणं महाराष्ट्रात आलं ते असं: हस्सू खाँचे शिष्य वासुदेवबुवा जोशी, त्यांचे शिष्य बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर. आणि बाळकृष्णबुवांनी विष्णु दिगंबर पलुस्करांना शिकवलं ते याच मिरजेत. बुवा ही वंशावळ संध्येसारखी म्हणायचे. त्यात दोन मुसलमान आहेत हे त्यांना वेगळं जाणवत असेल असं मला कधी वाटलं नाही. खापरपणजोबांचं नाव घेताना आपल्याला काय जाणवतं?

१९९३चा जानेवारी. मी एकोणीस वर्षांची. मुंबई पेटलेली, पुण्यात लोक खालच्या आवाजात बोलत होते. मी तेव्हा कॅसेटवरून पंडित जसराजांची भैरव रागातली चीज, म्हणजे बंदिश, उचलली होती, तिच्या पहिल्याच ओळीत अल्लाचं नाव आहे. पहाटे साडेपाचला मी ती घासत बसायची. खालच्या मजल्यावरच्या काकांनी चौथ्या दिवशी बाबांना जिन्यात गाठलं. "दिवस कसले आहेत, आणि पोरगी देवाच्या वेळेला काय म्हणतेय!" बाबा काही शूरबिर नव्हते. वर आले आणि मला म्हणाले, खिडकी लावून म्हण.

आजी देवघरात फुलं निवडत होती. तिनं विचारलं, काय झालं? बाबांनी सांगितलं. आजी म्हणाली, "त्याचं काही नाही. पण हिला सांग, ताना सात वाजल्यानंतर घे म्हणावं. माझं लक्ष उडतं." अल्लाबद्दल तिचं काही म्हणणं नव्हतं. म्हणणं तानांबद्दल होतं, आणि खरं सांगायचं तर तेव्हाच्या माझ्या ताना ऐकून कुणाचंही उडालं असतं.

आता बुवांकडचा भाग. त्याच आठवड्यात मी मोठ्या हौसेनं ती चीज त्यांच्यासमोर म्हटली. डोळे मिटून ऐकली त्यांनी, अंतऱ्यापर्यंत. मग विचारलं, "कुणाची?"

मी सांगितलं.

"अल्लाचं नाव घेतलंस त्याला माझी हरकत नाही. नाव कुणाचंही घ्यावं. पण ही मेवाती घराण्याची चीज. आपली नव्हे." आणि त्यांनी तंबोऱ्यावर गवसणी चढवली. तीन आठवडे शिकवणी बंद. त्यानंतर एका अनवट रागातली चीज ते मला देणार होते, ती राहिली ती राहिलीच. दोन वर्षांनी बुवा गेले आणि ती चीजही त्यांच्याबरोबर वैकुंठात गेली, देवाच्या आणि पुण्यातल्या स्मशानाच्या, दोन्ही अर्थांनी.

गवई मंडळी फार उदार, त्यांना धर्म नसतो, असं आपण सभांतून ऐकतो तेव्हा मला बुवा आठवतात. धर्म होता त्यांना. कडक होता. उदार ते देवाच्या बाबतीत होते, कारण देव हा त्यांच्या लेखी भांडायचा विषयच नव्हता. भांडायचा विषय म्हणजे चीज, तानेचा वळसा, कोमल धैवत किती कोमल. तिथे ते कुणालाच माफ करत नसत.

याच भागात घडलेली एक गोष्ट मला फार आवडते. १९१०च्या सुमाराला सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल, इंग्रज न्यायाधीश क्लेमंट्स आणि कैराण्याहून आलेले गायक अब्दुल करीम खाँ असे तिघे सप्तकातल्या बावीस श्रुतींच्या, म्हणजे सूक्ष्म स्वरांच्या, मागे लागले होते. खाँसाहेबांनी सूर लावायचा आणि बाकीच्यांनी मापायचा. एक ब्राह्मण, एक साहेब, एक मुसलमान. शाळेच्या निबंधात हे चित्र इथेच थांबेल. पण १९१६ साली बडोद्याच्या संगीत परिषदेत या श्रुतींवरून जो वाद झाला, त्यात संगीतशास्त्री भातखंडे विरुद्ध बाजूला होते, आणि ते वैर पुढेही मिटलं नाही. कुणाचा देव कुठला, यावरून कुणी तोंड उघडलं नाही. षड्जापासून रिषभ किती अंतरावर, यावरून माणसं एकमेकांचं तोंड बघेनाशी झाली.

खाँसाहेब श्रद्धाळू मुसलमान. पुण्यात १९१३ साली शाळा काढली तिचं नाव ठेवलं आर्य संगीत विद्यालय. मुलांना ठेवून घेऊन, जेवूखाऊ घालून शिकवायचे. कुंदगोळचे रामभाऊ, पुढचे सवाई गंधर्व, त्यांच्याकडेच घडले. खाँसाहेब मद्रासकडे गेले तर तिथलं गाणं शिकून आले आणि त्यागराजांची रामावरची कृती ध्वनिमुद्रिकेत गायले. त्या काळात आमच्याकडचे बुवा लोक कर्नाटकी गाणं ऐकायलाही तयार नसत, म्हणजे खाँसाहेब घराण्याच्या बाबतीतही जरा सैल होते म्हणायचं.

पण घरात काय झालं? बडोद्याच्या सरदार घराण्यातल्या ताराबाई माने त्यांच्याबरोबर निघून आल्या, पाच मुलं झाली, आणि १९२२ साली ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले. चंपाकलीची हिराबाई, पुढच्या हिराबाई बडोदेकर. सकीनाची सरस्वती. नावं बदलली, आडनाव आईकडचं लागलं, गाणं मात्र बापाचंच राहिलं. हिराबाईंचा षड्ज ऐकताना मला नेहमी वाटतं, या बाईनं तिकिटावर येईल असं नाव निवडलं आणि गळ्याला तेवढं सांगायचं राहिलं. हा माझा आगाऊपणा असेल.

२७ ऑक्टोबर १९३७ला मद्रासहून पाँडिचेरीला जाताना खाँसाहेबांच्या छातीत दुखायला लागलं. सिंगपेरुमाळ कोइल नावाच्या छोट्या स्टेशनावर उतरले, फलाटावर बिछाना घातला, तंबोरा लावून घेतला आणि दरबारीत कलमा म्हणत गेले, असं सांगतात. त्यांना मिरजेत आणलं आणि ख्वाजा मिरासाहेबांच्या दर्ग्यात दफन केलं. दर वर्षी उरुसात तिथे गाणं होतं. उरुसाच्या गलेफाचा, म्हणजे मजारीवर चढवायच्या चादरीचा, पहिला मान मिरजेतल्या चर्मकार समाजाचा. पिढ्यान् पिढ्या आहे, आणि त्यावर मिरजेत कुणी भाषण करत नाही. तो मान आहे, बस.

चाचांची कानस चालली असताना मी दर्ग्यात जाऊन आले. दुपारचं ऊन होतं, दोन बायका कठड्याला टेकून डबा खात होत्या. परत आल्यावर मी जरा भारावून काहीतरी बोलले असेन, मिरज म्हणजे कसं हे आणि ते. चाचांनी वर न बघता म्हटलं, "ताई, २००९ला इथं संचारबंदी होती." गणपतीतल्या कमानीवरून त्या सप्टेंबरात मिरजेत दंगल झाली होती. मी गप्प बसले. थोड्या वेळानं तेच म्हणाले, "तवा दोन तंबोरे पुण्याला जायाचे होते. आठ दिवस उशीर झाला. गिऱ्हाईक लई बोललं फोनवर." मी विचारलं, दंगलीबद्दल? "न्हाई, उशिराबद्दल."

मग जवारी लागली, आणि चाचा म्हणाले, सा लावा.

मी गवसणीच्या खिशातली चिठ्ठी काढून दिली. बुवांच्या हातची, पिवळी पडलेली. "काळी ५." म्हणजे पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीचा सूर. तंबोरा पहिल्यांदा घेतला तेव्हा सूर ठरवून त्यांनी लिहून दिला होता, तेव्हापासून मी तोच लावते. चाचांनी चिठ्ठी वाचली, तारा काळी पाचात लावल्या. मी सा लावला. मग पंचम. मग वरच्या षड्जाला गेले.

"परत."

परत गेले.

"तार चढतीय ताई," चाचा म्हणाले, "तुम्ही चढत न्हाई."

एक्कावन्न वर्षांच्या बाईला हे तोंडावर सांगायला जिगर लागते. मला राग आला. म्हटलं, बुवांनी लावून दिलेला सूर आहे, तीसहून जास्त वर्षं याच सुरात गातेय. चाचांनी वाद घातला नाही. खुंट्या उलट्या फिरवल्या, तारा एक सूर खाली, काळी चारात आणल्या, दोरा परत बसवला आणि तंबोरा माझ्याकडे वळवला. नातूही वीणा सोडून ऐकत बसला. मी सा लावला आणि लागल्या क्षणी मला कळलं की गेली चार-पाच वर्षं मी गात नव्हते, ओरडत होते. रियाजानंतर घसा का दुखतो म्हणून मी दोन डॉक्टर केले होते.

मला मेवाती चालत होतं, अल्ला चालत होता, आणि काळी चार चालत नव्हती. बुवांना हसणारी मी.

पैसे दिले. चाचांनी जास्तीचा दोरा वर्तमानपत्राच्या तुकड्यात बांधून दिला. परतीच्या गाडीत तंबोऱ्याला खिडकीची जागा मिळाली आणि मला नाही.

चिठ्ठी अजून गवसणीच्या खिशातच आहे, टाकवत नाही. तंबोरा काळी चारात असतो. दुसऱ्या दिवशी पहाटे भैरव काढला तो त्याच चिजेनं, खिडकी उघडी ठेवून. ताना मात्र सात वाजल्यानंतर.